टाळूला पायाचं हाड

४ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार

आज पुन्हा तेच. दस्तगीर दुपारच्या गाडीनं आला. गुरुवारचा लोणंदचा बाजार उरकला की शुक्रवारी हा रहिमतपुरात, माझ्या दारात. जुम्म्याची नमाज इथल्याच मशिदीत पढतो आणि मग ओसरीवर येऊन बसतो. धाकटा भाऊ! हातात डबा. आज शेवयांची खीर होती.

मी मेहरुनला म्हणालो, "ह्याला सांग, तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला नको."

तिनं एकवार माझ्याकडं पाहिलं. मग दिराला म्हणाली, "भाई म्हणत्यात, आधी पाणी घे. उन्हातनं आलायस."

तो पाणी प्याला.

मी म्हणालो, "ह्याचं तोंड बघायची इच्छा नाही माझी."

"म्हणत्यात, तोंड का उतरलंय तुझं? दुकानात लय काम पडतं का?"

"व्हय भाभी. माणसंच मिळत न्हाईत. बारदान शिवायला बाया येत हुत्या, त्या आता कंपनीत जात्यात." मग बराच वेळ पोती, सुतळी, कांद्याचा हंगाम. दोघं बोलत होती. मी मधे फाटक्या भात्याच्या पेटीसारखा बसलेला. हवा भरपूर, सूर नाही.

माझी टाळू गेलेली आहे. लिहायला बरं वाटतं, कारण लिहिताना हवा नाकातून पळत नाही. कोरोना झाला त्या साली बुरशी शिरली, डॉक्टरांनी वरचा जबडा डाव्या बाजूनं टाळूसकट काढला. जीव राहिला. तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा राहिला नाही. एक प्लॅस्टिकची प्लेट बसवून देतात, पण मागची मऊ टाळूही थोडी गेली आहे, तोंड नीट उघडत नाही, प्लेट ढिली ती ढिलीच. मी बोलतो ते सगळं नाकातून निघतं. शोएबला, माझ्या मुलाला कळत नाही. शेजाऱ्यांना कळत नाही. कळतं फक्त मेहरुनला. ती माझी दुभाषी. आणि दुभाषी बेइमान.

आणि गोळ्या कुणी आणल्या? दस्तगीरनं. सातारा-सांगलीत कुठं खाट मिळत नव्हती, दम लागत होता, तेव्हा लोणंदच्या कुणा कंपाउंडरनं ह्याला गोळ्यांचं नाव सांगितलं. ह्यानं आणल्या. दोन दिवसांत मला भूक लागली, शिलाई मशीनवर बसावंसं वाटलं. म्हणून ह्यानं आणखी आणल्या. संपल्या, पुन्हा आणल्या. कुठल्या डॉक्टरला विचारलं नाही. मला साखर आधीपासून. पुढं दाढ दुखली, गाल सुजला, टाळूवर काळा डाग. मोठे डॉक्टर म्हणाले, एवढ्या स्टिरॉइडच्या गोळ्या कुणी दिल्या ह्यांना?

सगळे म्हणतात बुरशीनं खाल्लं. मला बुरशी दिसत नाही. भाऊ दिसतो.

५ ऑक्टोबर

सकाळचा चहा नाकातून आला. शर्टावर. मेहरुननं काही न बोलता पुसला. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज शाळेवरून गेलो. शाळा तीच, रंग नवा. आत मुलं काहीतरी एका सुरात म्हणत होती. कविता असावी. शब्द कळले नाहीत, नुसता ताल येत होता. कुंपणाशी उभा राहिलो. शिपाई म्हणाला, "काय पायजे, चाचा?" मी काही नको म्हणालो. त्याला ते कळलं नाही, त्यानं पाण्याच्या नळाकडं बोट दाखवलं.

शेवाळे गुरुजी आम्हाला मुळाक्षरं फळ्यावर नव्हे, तोंडात शिकवायचे. "जीभ वर लावा. कुठं लागली? तिथं च आणि ज राहतात. आणखी वर वळवा. तिथं ट आणि ड." क गळ्यापाशी, त दातांपाशी, प ओठांवर. प्रत्येक अक्षराचं घर. आम्ही पोरं दिवसभर जिभेनं घरं शोधत हिंडायचो. आता छप्परच उडालं, मग घर कुणाचं शाबूत राहणार? प म्हणावा तर म सारखा वाजतो, त म्हणावा तर न. म आणि न तेवढे धड आहेत. ते मूळचेच नाकातले.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास कवितेचा. नदीकडून वारा यायचा, दप्तरात भाकरीचा वास, आणि गुरुजी म्हणायचे, "पीरमहंमद, तू पुढं म्हण. बाकीचे मागनं." मी बाकावर उभा राहायचो. पूर्ण वर्ग माझ्या मागनं यायचा. पुढं सातवीतून काढून अब्बांनी मशीनवर बसवलं, पण कविता सुटली नाही. पायडल तालात पडायचं. कॉलर लावायला एक कडवं, काजाला दोन ओळी. गिऱ्हाईक म्हणायचं, मास्तर, कपडे शिवताय की भजन म्हणताय?

आता घरात कुणी नसताना म्हणून बघतो. पहिल्याच ओळीत सगळं गढूळ.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सांगलीला जाऊन आलो. मेहरुन बरोबर. प्लेट बदलून घ्यायची होती. तिथं आता एक नवीन सर्जन आहेत, डॉक्टर संयोगिता. चाळिशीच्या असतील. तोंडात बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा, टाळू नव्यानं करता येईल. तुमच्याच हाडाची."

कुठलं हाड? पायातलं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक लांब हाड असतं, ते नसलं तरी माणूस चालतो. ते त्याच्या रक्तवाहिनीसकट काढायचं, कापून टाळूच्या जागी बेताचं बसवायचं, नस मानेतल्या नसेला जोडायची. वर पोटरीची कातडी. पुढं त्याच हाडात दात रोवता येतात.

मेहरुन म्हणाली, "पायाचं हाड तोंडात? आगं बाई, मग हे तोंडानं चालाय लागतील की."

डॉक्टर खूप हसल्या. मी हसलो नाही.

मला त्यात नवल वाटलं नाही. ठिगळाचं कापड मी उभ्या जन्मात बाजारातून आणलं नाही. त्याच कपड्याच्या आत शिवणीत दुमडलेल्या दाबातून काढायचं, नाहीतर खिशाच्या मागून. एकाच कापडाचं असलं तर धुतल्यावर सारखं आटतं. परकं लावलं की दोन धुण्यांत ओढतं.

पण डॉक्टरांनी भीतीही घातली. वय. साखर. सबंध दिवसाचं ऑपरेशन. जोडलेली नस बंद पडली तर हाड मरणार, मग टाळूही नाही आणि पायातलं हाडही नाही. "तुमच्या वयाला मी आग्रह करणार नाही. नवीन प्लेट घ्या, त्यात धोका नाही. एवढं कशासाठी करायचं, सांगा मला."

मी केसपेपरच्या मागं लिहिलं: कविता म्हणायच्या आहेत.

त्यांचे डोळे भरल्यासारखे वाटले. मेहरुनला वाचता येत नाही. तिनं विचारलं, काय लिवलं? डॉक्टरांनी सांगितलं. मेहरुन माझ्याकडं बघत राहिली.

खोटं लिहिलं. एका माणसाला चार वाक्यं ऐकवायची आहेत. माझ्या तोंडानं. मधे मेहरुन नको.

लिहून देता आलं असतं. पण दस्तगीर दुसरीतून पळालेला, त्याला आकडे तेवढे लागतात. मी लिहिलं तर तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार. पुन्हा परकं तोंड. आणि ते लोणंदच्या बाजारात. नको.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

मेहरुननं त्याला ऑपरेशनचं सांगितलं. तो घाबरला. "नको भाई. वय काय, साखर काय. हाय त्यात चाललंय की."

मी म्हणालो, "मी बोलायला लागेन याची भीती वाटते ना तुला?"

मेहरुन म्हणाली, "म्हणत्यात, भिऊ नको."

त्यानं मान खाली घातली. डबा उघडलाही नाही. तसाच ठेवून गेला.

तो गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. माझं बोलणं तू बदलतेस, कोण लागून गेलीस! ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "शोएब पुण्याला. सवड झाली तर फोन करतो. ह्या दाराला शुक्रवारचं एक माणूस येतं. तुमी ते बी घालवा."

"त्यानं माझं तोंड खाल्लं."

"गोळ्या त्यानं आणल्या. पाण्यासंगं दिल्या कुणी? मीच की. मला का न्हाई बोलत?"

 तिनं विश्वासानं दिल्या. त्यानं न विचारता आणल्या. फरक आहे. फरक नक्की आहे.

आता वाक्यं बेतायला घेतली आहेत. अंगाला बसली पाहिजेत. एकही शब्द सैल नको. आणि त्यात ट हवा, प हवा, ख हवा. जी जी अक्षरं त्यानं खाल्ली ती सगळी.

१ नोव्हेंबर

शोएबचा फोन. मेहरुन म्हणाली, "अब्बा खूश हायेत." मी खोलीतही नव्हतो.

१० नोव्हेंबर, रविवार

सांगली. दाखल झालो. खाट खिडकीशी.

शेजारी आकाराम म्हणून आहे, वडूजकडचा, फौजेतून हवालदार होऊन आलेला. तंबाखूनं खालचा जबडा गेला, त्यालाही पायाचं हाड बसवलंय. महिना झाला. बोलणं जाड आहे पण कळतं, आणि थांबत नाही.

"मास्तर, सीमेवर असताना नडगीला गोळी चाटून गेली बघा. हाड वाचलं. म्हटलं आपलं नशीब थोर. आता कळतंय, वरच्यानं ते जबड्याला राखून ठेवलं हुतं."

मी म्हणालो, दुखतं का?

"काय म्हणतायसा?"

मेहरुन म्हणाली, "दुखतं का इच्यारत्यात."

पहिल्यांदाच तिनं माझं जसंच्या तसं सांगितलं. परक्याला खरं सांगते. खोटं काय ते घरच्यांसाठी.

पायाच्या नसा तपासल्या. डावा बरा नाही, उजव्याचं हाड काढणार. म्हणजे माझा पायडलचा पाय. म्हटलं, घ्या.

१२ नोव्हेंबर

उद्या. शोएब आला, सह्या केल्या. दस्तगीरही आलाय, शुक्रवार नसताना. आत यायला कचरतो. दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेला दिसतो, टोपी गुडघ्यावर.

समजा उठलोच नाही, तर ती वाक्यं राहतील. इथं लिहून ठेवावीत का? नको. ती तोंडानंच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हातात पेन धरता येतोय. अक्षर माझं वाटत नाही.

जिवंत आहे. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, काल काढली. नाकातून दुसरी, ती अन्नाची. बोलायला बंदी. पाय बांधलेला, टाचेपासून गुडघ्यापर्यंत. पहिले दिवस नर्स सारखी येऊन टाळूला सुई टोचायची, लाल थेंब आला की "जिवंत आहे" म्हणून लिहून ठेवायची. मला टोचलेलं कळत नाही. आपल्याच तोंडात पाहुणा आल्यासारखं.

आज डॉक्टर संयोगितांनी आरशात दाखवलं. वर, जिथं पोकळी होती तिथं, माझ्या पोटरीची कातडी. तिच्यावर केस आहेत. दोन-चार, पांढरे. डॉक्टर म्हणाल्या, "जातील हळूहळू. नाहीतर कापून देऊ." म्हणजे आता तोंडाच्या आतही हजामत!

आकाराम खाटेवरून म्हणाला, "मला बी हायेत. मिशी बाहेर ठेवून दमलो, म्हटलं आत ठेवू."

हसू आलं. टाके ओढले. डोळ्यांतून पाणी.

२६ नोव्हेंबर

दस्तगीर पायाचं सूप घेऊन आला. लोणंदहून, थर्मासमध्ये, रेल्वेनं. गाळून गाळून आणलेलं. नर्सला दाखवलं, विचारलं, चालेल का. (आता विचारतो. आता!) तिनं नळीतून थोडं दिलं.

माझ्या पायातली हाडाची नळी काढली, आणि हा बकऱ्याच्या नळ्या उकळून आणतो. बोलता येत असतं तर तिथंच ऐकवलं असतं.

तो गेल्यावर आकाराम म्हणाला, "तुमचा भाव लय गोड माणूस हाय बघा. तुमी आत हुता तवा माझ्यापाशी बसून बोलायचा. म्हणं, भाई ल्हानपणी कविता म्हणायचे, मला तेवढ्यावर झोप यायची. मग काय तुमी दोघं एका वाकळंत?"

मी मान हलवली. एकाच वाकळेत. हिवाळ्यात तो माझ्या पोटाशी पाय घालून झोपायचा, गार पाय. मी शनिवारची कविता म्हणायचो, तो दुसऱ्या कडव्याला झोपलेला असायचा.

त्यानं माझ्याबद्दल परक्याशी बोलू नये. तेवढंही त्याच्याकडं नको.

३ डिसेंबर, मंगळवार

घरी. वॉकर धरून ओसरीपर्यंत. मशीनवर मेहरुननं चादर टाकली आहे.

२१ डिसेंबर

आज पाणी प्यालो. तोंडानं. एक घोट. खाली गेलं. नाक कोरडं.

मेहरुन समोर वाकून बघत होती. म्हणाली, "पुन्हा प्या." पुन्हा प्यालो. कोरडंच. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदर तोंडाला लावून. हसत होती की काय, कळलं नाही.

मलाही बरं वाटलं. बराच वेळ. मग ती वाक्यं आठवली.

१० जानेवारी २०२५

साताऱ्याला बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे, शाझिया. नातीच्या वयाची. नाकाखाली आरसा धरते आणि प म्हणायला लावते. आरशावर वाफ धरली तर चूक. "आजोबा, पुन्हा पहिलीत आलात. आता पास होऊन जायचं." मी म्हणालो, पहिलीत मी पहिला होतो. तिला कळलं. मेहरुन बाहेर बसली होती, मधे कुणी नव्हतं, आणि तिला कळलं.

पहिला क आला. मग ट. ट ला जीभ वर गेली आणि तिथं खरंच काहीतरी होतं. टणक. माझंच हाड. शेवाळे गुरुजी असते तर पाठीवर थाप मारली असती. प ला आरसा अजून धुरकटतो.

दस्तगीर संध्याकाळी येऊन गेला. मी त्याच्यासमोर तोंड उघडलं नाही. आठवडाभर घरी-शेजारी सगळ्यांशी तोडकं बोलतो, त्याच्यासमोर मुका. पूर्ण झाल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही.

२४ जानेवारी

शाझिया म्हणाली, रोज एखादी कविता मोठ्यानं म्हणा, त्यानं आवाज सुटतो. घरी येऊन म्हटली. नदीवरची, गुरुजींनी शिकवलेली. पहिलं कडवं चक्क आलं. सगळी अक्षरं. आवाज म्हाताऱ्याचा, पण शब्द स्वच्छ.

दुसऱ्या कडव्यात अडकलो. शब्द आठवेनात. त्यांच्या जागी ती वाक्यं येत होती. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच. चार वर्षं मनात काय घोळवलं ते आता कळतंय. कविता घोळवायची राहून गेली.

प साधला. आरसा कोरडा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ऐकवली.

दस्तगीर आला. डब्यात गाजरहलवा. बसला. मेहरुन चहा घेऊन आली. मी म्हणालो, "मेहरुन, तू आत जा."

तिनं कप ठेवले. गेली नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.

मी म्हणालो, "दस्तगीर, तू आणलेल्या गोळ्यांनी माझी टाळू खाल्ली. माझ्या कविता खाल्ल्या. तुझा डबा मला पुन्हा नको. तुझा शुक्रवार मला नको."

एक अक्षर घसरलं नाही. ट ट सारखा, प प सारखा. शेवटपर्यंत दम पुरला. चार वर्षं जे शिवत होतो ते अंगावर चपखल बसलं.

त्यानं ऐकलं. बशीतल्या चहावर फुंकर घातली. प्याला. बशी कपाखाली ठेवली.

"साफ बोलतायसा भाई," तो म्हणाला. "ट तर लय झ्याक आला."

मग उठला, टोपी नीट केली. "येतो भाभी. गाडीची वेळ झाली."

एवढंच. मला वाटलं होतं तो रडेल. भांडेल. मी नाही केलं म्हणेल, किंवा माफी मागेल. निदान हातातला कप सांडेल. काही नाही. ऐकताना त्याचा चेहरा असा होता, जशी पाठ असलेली कविता कुणी पुन्हा म्हणून दाखवावी.

मेहरुननं कप उचलले. माझ्याशी बोलली नाही.

८ फेब्रुवारी

पोटरी ठणकते. हलवा तसाच आहे. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

१२ फेब्रुवारी

मेहरुन अजून बोलत नाही. जेवायला वाढते, पाण्याचा तांब्या ठेवते. घरात आता फक्त माझा आवाज. स्वच्छ आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दस्तगीर आला आहे. डबा नाही. ओसरीच्या कडेला टेकला. मेहरुन आत होती. मी काही बोलायच्या आधी तोच बोलला, हळू आवाजात.

"भाई, एक इच्यारायचं हाय. गेल्या रमजानात तुमी म्हणाला हुता, माझ्या मातीला येऊ नकोस, खांदा देऊ नकोस. तवा भाभी म्हणाल्या, रोजा सोडून मग जा म्हणत्यात. बाकीचं काय बी म्हणा, त्याची मला सवय हाय. पर तेवढं एक आजून तसंच हाय का? आता साफ बोलतायसा, म्हणून इच्यारतो."

मी म्हणालो, "तुला कळत होतं?"

"आवं, तुमच्याजवळ झोपून मोठा झालो मी. तुमचं मला कळायचं न्हाई?" मग आत बघून म्हणाला, "भाभीला सांगू नका. इतकी वर्षं झटली बिचारी."

मातीचं मी बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नाही.

चष्मा आणतो म्हणून आत आलो आहे. तो बाहेर बसला आहे, टोपी गुडघ्यावर. मेहरुन चुलीपाशी आहे. तिला म्हणालो, तू जाऊन सांग त्याला काहीतरी.

ती म्हणाली, "आता तुमचं तुमी बोला."